बेटावर दुसरी रांग नाही

बोट कलंडलेली होती. वारा नव्हता, लाटा नव्हत्या, दोर धक्क्याला घट्ट बांधलेले होते, तरी ती एका अंगावर झुकून उभी होती. मामाने क्लॅरिनेटची पेटी छातीशी धरली आणि नावाड्याला विचारलं, "पाणी शिरलंय का हिच्यात?"

"नाही हो, माणसं बसलीत," नावाडी म्हणाला.

खरंच, बेटावर परत निघालेली सगळी माणसं बोटीच्या डाव्या कडेच्या एका लांबलचक बाकावर, समुद्राकडे तोंड करून, खांद्याला खांदा लावून बसली होती. मांडीवर पिशव्या, पिशव्यांवर हात. त्यांच्या मागचे बाक मोकळे पडले होते. मामा त्यातल्याच एका बाकावर बसला, शेजारी भाची बसली आणि भाचा चेलो गुडघ्यांत धरून पलीकडे टेकला. बोट जराशी सरळ झाली. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीने मान वळवून तिघांकडे पाहिलं.

"अरेरे! सरकून जागा करते ना मी. असं मागे कशाला बसायचं?"

"आम्ही इथे मजेत आहोत, आजी," भाचा म्हणाला.

"कसलं मजेत," म्हातारी शेजारणीला म्हणाली आणि अख्खा बाक हळहळला.

या तिघांचं त्रिकूट गेली काही वर्षं गावोगाव हिंडत होतं. मामा क्लॅरिनेट वाजवायचा. त्याच्या बहिणीची थोरली मुलगी व्हायोलिन वाजवायची आणि धाकटा मुलगा चेलो. सगळे त्यांना मामा, थोरली आणि धाकटा असंच म्हणायचे. एका संस्थेने त्यांना लांबलांबच्या शाळांमध्ये पाठवायचं ठरवलं होतं. आधी मुलांना संगीताची ओळख करून द्यायची आणि मग साऱ्या गावासाठी एक मैफल करायची. या बेटावर याआधी कुणीच वाजवायला आलं नव्हतं, म्हणून मामा मनातून खूश होता. पण तो चेहऱ्यावर खुशी दाखवणाऱ्यांतला नव्हता. मैफलीबद्दल त्याचे नियम ठरलेले होते. श्रोत्यांनी बसावं, गप्प बसावं, आणि खोकायचंच असेल तर दोन रचनांच्या मध्ये खोकून घ्यावं.

धक्क्यावर शाळेच्या मुख्याध्यापिका घ्यायला आल्या होत्या. बेटावर शाळा एकच आणि शिक्षिकाही एकच, त्यामुळे सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. बाई सडसडीत होत्या, भरभर चालायच्या, आणि त्यांच्या पायात गिर्यारोहकांचे असतात तसले जाड तळाचे बूट होते.

"शाळा डोंगरावर आहे का?" थोरलीने बुटांकडे बघत विचारलं.

"छे, सपाटीवर आहे. लांब आहे."

"म्हणजे बरंच चालायचंय?"

"तुम्हाला नाही. मला," बाई म्हणाल्या.

दुकानावरून जाताना मामाची पावलं अडखळली. दुकानाचा ओटा दाराबाहेर पडून रस्त्यावरून पुढे पुढे गेला होता, थेट शेजारच्या घराच्या खिडकीपर्यंत. ओट्याला टेकून गिऱ्हाइकं एका ओळीत उभी होती आणि दुकानदार आत-बाहेर पळत साबण, काड्यापेट्या, बटाटे पोचवत होता. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. कुणीही कुणाच्या मागे उभं नव्हतं. मामा काही विचारणार, इतक्यात बाई वळून पुढच्या गल्लीत शिरल्यासुद्धा.

शाळेची इमारत नेटकी होती, रंग नवा होता, पण आत फळ्यांचे ढीग आणि एक झोपलेलं मांजर यापलीकडे काही नव्हतं. वर्ग भरायचा तो मागच्या मासळीच्या शेडमध्ये. सकाळचा लिलाव आटोपला की लादी धुऊन काढायची आणि तिथे मुलांनी बसायचं. शेड अरुंद होती, पण लांबीला अंत नव्हता. सगळी मुलं एका भिंतीला पाठ लावून, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच ओळीत बसली होती. टोकाची मुलं ठिपक्यांएवढी दिसत होती.

"मी गणित चालत चालत शिकवते," बाई म्हणाल्या. "बेरीज त्या टोकाला मांडायची, उत्तर या टोकाला येतं. भूगोल त्यामानाने सोपा जातो."

मामाने क्लॅरिनेट जोडलं, घसा साफ केला आणि शिरस्त्याप्रमाणे म्हणाला, "छान! आता आपण असं करूया, दोन रांगा करू. बुटकी पुढे, उंच मुलं मागे."

मुलांनी पाठी भिंतीला आणखी चिकटवल्या. मामाने जणू भर वर्गात शिवी हासडली होती. मधल्याच एका मुलीने भोकाड पसरलं. ती वर्गात सगळ्यांत उंच होती.

बाईंनी मामाच्या कोपराला धरून त्याला भिंतीपाशी नेलं. तिथे दारापेक्षा मोठ्या चौकटीत एक फोटो टांगलेला होता.

"हे बघा, म्हणजे कळेल," त्या म्हणाल्या.

बऱ्याच वर्षांपूर्वी बेटावर एक फोटोग्राफर आला होता. सगळ्या गावाचा एक फोटो काढायचा म्हणून त्याने माणसांना धक्क्यावर दोन रांगांत उभं केलं. धक्का ओला होता म्हणून पुढचे खाली बसायला तयार झाले नाहीत, आणि फोटोग्राफरला परतीची बोट गाठायची होती. फोटो तयार होऊन आला तेव्हा पहिली रांग डोक्यापासून बुटांपर्यंत लख्ख आली होती. दुसऱ्या रांगेचे आले ते केस. कुठे एखादं कपाळ, कुठे एक कान, एका ठिकाणी टोपीचा गोंडा.

"हौसेने लावला आम्ही फोटो," बाई म्हणाल्या. "पुढे रसद बघणारे साहेब आले. त्यांनी फोटोवर नजर टाकली आणि म्हणाले, अच्छा, एवढी माणसं आहेत होय तुमची! त्या वर्षी पीठ निम्मंच आलं. केस धरलेच नाहीत त्यांनी."

"मग तुम्ही सांगितलं नाही?"

"सांगितलं. ते म्हणाले, मग फोटोत का नाहीत?"

त्यानंतर गावाने सभा घेतली आणि ठरवलं की यापुढे बेटावर दुसरी रांग नाही. शाळेत नाही, दुकानात नाही, बोटीत नाही, लग्नात नाही.

"तो भांग बघा," बाईंनी फोटोतल्या एका पांढऱ्या रेघेवर बोट ठेवलं. "त्या आमच्या भांगआजी. बंदरमास्तरांच्या आई. अख्ख्या फोटोत त्यांचा तेवढा भांगच आला."

धाकट्याने 'भांगआजी' एवढंच ऐकलं आणि त्याचे डोळे चमकले. "कुठे राहतात या?" त्याने हळूच विचारलं. थोरलीने त्याला कोपर मारलं.

मामाला हे सगळं ऐकून हसावं की रडावं कळेना. पण शिकवणं तर भाग होतं. तो मधोमध उभा राहून क्लॅरिनेट वाजवायला लागला, की टोकाची मुलं ओरडायची, "ऐकू येत नाही!" एका टोकाला गेला की दुसरं टोक ओरडायचं. शेवटी बाईंचे ते बूट आपल्यालाही हवे होते असं त्याला वाटू लागलं. तेव्हा थोरलीने युक्ती काढली. तिने टोकाच्या मुलीसमोर बसून चार सुरांची एक चाल व्हायोलिनवर वाजवली आणि सांगितलं, "ही शेजारच्याला गाऊन दाखव. त्याने त्याच्या शेजारच्याला. जाऊ दे पुढे."

चाल निघाली. एकाने दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला. कुणी घाईत गायलं, कुणी शेवट लांबवला, दात पडलेल्या एकाने मधला सूर शिट्टीसारखा काढला. रडणाऱ्या उंच मुलीने हुंदका देत ती पुढे दिली, तेव्हापासून त्या चालीत एक हुंदका आला तो कायमचाच. दुसऱ्या टोकाला चाल पोचली तेव्हा ती थोरलीच्या ओळखीचीच राहिली नव्हती.

"चुकली," मामा म्हणाला.

"मामा, अरे, किती छान चुकलीये ती!" थोरलीने ती चाल तशीच्या तशी, हुंदक्यासकट वाजवून दाखवली आणि मुलं टाळ्या पिटायला लागली.

शेडमधला गोंधळ असा निभावला. खरी कसोटी मैफलीची होती. त्यासाठी बंदरमास्तर तिघे उतरले होते त्या बेकरीवरच्या खोलीत येऊन बसले. बंदर आणि गावची सभा दोन्ही त्यांच्याकडे होती. मनुष्य गोलमटोल, बोलणं मऊ, पण शब्दाला पक्का.

"गावातला प्रत्येकजण पहिल्या रांगेत बसणार," ते म्हणाले. "एवढं सांभाळा, बाकी तुम्ही म्हणाल तसं."

"सोपं आहे," धाकटा म्हणाला. "गोल करू. मधे आम्ही, भोवती तुम्ही. सगळे पहिल्या रांगेत!"

बंदरमास्तरांना कल्पना पटली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर मुलांना बसवून तालीमही झाली. पण सगळं गाव सामावायचं म्हणजे गोल केवढा मोठा! मधोमध बसलेले तिघे काठावरून खेळण्यातल्यासारखे दिसत होते, आणि वाऱ्यावर सूर कुठल्या कुठे उडून जात होते. त्यातून मामाच्या मागच्या मुलांनी तक्रार केली.

"आम्हाला मामांची पाठ आली."

बंदरमास्तर गंभीर झाले. "पाठ दिसली की तो मागचा. तुम्हाला वाजवता वाजवता फिरता येईल का हो?"

मामाचा पारा चढला, पण शाळेची पोरं बघत होती म्हणून त्याने करून पाहिलं. गिरकी घेत घेत त्याने बरंच वाजवलं. मग त्याचे डोळे फिरले आणि तो मैदानात फतकल मारून बसला. शेवटचा सूर मात्र त्याने बसल्या बसल्या पुरा केला.

"मग एकच मार्ग राहिला," बंदरमास्तर म्हणाले. "समुद्राकडेचा रस्ता. धक्क्यापासून पार शेवटच्या घरापर्यंत एकच रांग लावतो. आम्ही बसतो. तुम्ही चला."

"चला म्हणजे?"

"वाजवत वाजवत. आमच्या समोरून."

"मैफल आहे ही, भाजीची गाडी नव्हे!" मामा कडाडला. "प्रत्येकाला दोन-दोन सूर वाटत जाऊ की काय? आणि चेलो काय गळ्यात अडकवायचा?" पेटी उचलून तो तरातरा खोलीवर निघून गेला.

थोरली त्याच्या मागोमाग गेली. मामा पलंगावर बूट न काढता बसला होता. खिडकीखाली बेकरी होती आणि तिथून पावाचा वास येत होता.

"गळे काढले तरी मी ऐकणार नाही," तो म्हणाला.

"मी कुठे गळे काढतेय? मामा, मी शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदात होते तेव्हा तू कितीदा आलास रे मला ऐकायला?"

"प्रत्येक वेळी आलोय!"

"आणि मी कुठे बसायचे?"

 मामाने खिडकीबाहेर पाहिलं. "ढोलाच्या पलीकडे कुठेतरी," तो म्हणाला.

"आईने एकदा भलत्याच मुलीला हात केला होता. मैफल संपल्यावर मला म्हणाली, आज तू छान दिसत होतीस. मी तिच्या नजरेसच पडले नव्हते." थोरली हसली, पण मामा हसला नाही. "आपण नाही वाजवलं तर चालेल. पण या लोकांना खुळे नको म्हणूस."

मामाने बूट काढले, पुन्हा घातले, आणि म्हणाला, "धाकट्याचं काय करायचं?"

धाकट्याची सोय बेकरीवाल्याने केली. मासळीच्या टोपल्या वाहायची एक हातगाडी होती. तिच्यावर खुर्ची बांधायची, खुर्चीवर धाकटा, धाकट्यापुढे चेलो. ओढायला बेकरीवाला स्वतः तयार झाला. त्याची एकच अट होती. रांगेतली त्याची खुर्ची तशीच ठेवायची आणि तिच्यावर त्याचा एप्रन घालायचा, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की तो रांगेत नव्हता. बंदरमास्तरांनी अट मान्य केली आणि स्वतःचीही एक घातली. "कुणासमोरही थांबायचं नाही. एकासमोर थांबलात की त्याला वाट्यापेक्षा जास्त गेलं. पुढची वर्षानुवर्षं मला ऐकून घ्यावं लागेल."

हातगाडीचं एक चाक कुईं कुईं करायचं. माशाचं तेल घातलं, लोणी घातलं, शिव्याही घातल्या, चाक ऐकेना. मामा बराच वेळ कान देऊन ऐकत राहिला.

"हे काही आपल्याशी सूर जुळवायचं नाही," तो म्हणाला. "आपणच याच्याशी जुळवू." आणि तिघांनी चाकाचा सूर धरून वाद्यं लावली.

मैफलीच्या दिवशी दुपारपासूनच खुर्च्या बाहेर पडल्या. जेवणाच्या खुर्च्या, आरामखुर्च्या, स्टुलं, न्हाव्याची गोल फिरणारी खुर्ची, बोटीतून उचकटलेला एक बाक. घरांच्या भिंतींना पाठ लावून आणि समुद्राकडे तोंड करून सगळं बेट एका रांगेत बसलं. ठेवणीतले कपडे, चापूनचोपून बसवलेले केस. रांग धक्क्यापासून निघाली होती, दुकान, बेकरी, बंदराची कचेरी मागे टाकत वळणापलीकडे गेली होती. तिचं टोक दिसतच नव्हतं.

मामाने मान हलवली. बेकरीवाल्याने गाडी ओढली. चाक म्हणालं कुईं, आणि त्याच सुरावर त्यांनी पहिली रचना उचलली.

पहिली रचना उडत्या चालीची होती. मामा अर्ध्या पावलाने पुढे, थोरली त्याच्या बाजूला, गाडी समुद्राच्या अंगाने. थोरलीला आजवर श्रोते म्हणजे अंधारातला एक ठोकळा वाटायचे. आता चेहऱ्यामागून चेहरा हातभर अंतरावरून जात होता. कुणी डोळे मिटून होतं, कुणी तिच्या बोटांकडे टक लावून. एका बाईच्या मांडीवरचं बाळ तर तिच्या व्हायोलिनच्या गजाला धरू पाहत होतं. आपला वाटा सरला की लोक मान वळवून बघायचे, पण जागचं कुणी हलायचं नाही. नियम म्हणजे नियम.

पहिली रचना संपता संपता मामाच्या क्लॅरिनेटची पत्ती चिरली. क्लॅरिनेटच्या तोंडाशी ही पातळ पत्ती बांधलेली असते, तीच थरथरून वाजते. ती गेली की क्लॅरिनेट म्हणजे नुसतं लाकूड. एरवी मामाने शांतपणे खुर्चीवर बसून दुसरी बांधली असती. पण इथे थांबायची सोय नव्हती. तो चालत चालतच खिशातून नवी पत्ती काढून, तोंडात धरून भिजवू लागला. दुसरी रचना त्यानेच सुरू करायची होती, म्हणून थोरली गज खाली घेऊन चालत राहिली. धाकटाही गाडीवर गप्प बसला. चाक तेवढं कुईं कुईं करत होतं. तीन खुर्च्या अशाच गेल्या. मग पत्ती बसली, मामाने फुंकर घातली आणि लांब, संथ दुसरी रचना सुरू झाली.

वळण पार करून ते शेवटच्या घरापर्यंत वाजवत गेले. शेवटच्या खुर्च्यांवर शाळेची मुलं होती. त्यांनी ती चुकलेली चाल एकमेकांना देत देत, हुंदक्यासकट गायली आणि मैफल संपली.

टाळ्यांना सुरुवात त्या टोकाला झाली आणि त्या रांगेतून धक्क्यापर्यंत गेल्या. मग मात्र लोक खुर्च्यांवरून उठले आणि रस्ताभर एकच गलका उडाला.

"तुला काय आलं?"

"मला उड्या मारणारं. तुला?"

"मला रडवणारं. पण फार सुंदर! थांब, म्हणून दाखवते."

ज्याला जे आलं ते तो दुसऱ्याला गुणगुणून देत होता. दुकानदाराला एकच सूर आला होता, पण लांब होता म्हणून तो खूश होता. न्हाव्याने स्वतःचा वाटा देऊन कचेरीच्या शिपायाचा घेतला, आणि मग आपण फसलो असं म्हणायला लागला. गाडीसकट बेकरीपाशी परतलेला मामा भिंतीला टेकून हे बघत होता. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हसण्यासारखं दिसत होतं.

बंदरमास्तर अभिमानाने रांगेवरून चालत बेकरीपाशी आपल्या आईकडे आले. बोटीत हळहळणारी म्हातारी ती हीच. आजी खुर्चीवर ताठ बसून होत्या, हात मांडीवर.

"काय गं आई, तुला काय आलं?"

"चाक," भांगआजी म्हणाल्या.

"काय?"

"चाक. कुईं कुईं. आणि त्या गृहस्थांनी तोंडात काहीतरी घालून चोखलं, ते बघितलं."

आजूबाजूची गुणगुण थांबली. आजींच्या डाव्या हाताला बेकरीवाल्याची खुर्ची होती, एप्रन पांघरलेली. उजव्या हाताला टपालवाला, तो केव्हाच झोपी गेला होता आणि अजून उठला नव्हता. म्हणजे पत्ती बदलताना ज्या तीन खुर्च्या गेल्या, त्यांपैकी जागं माणूस एकच होतं. फोटोत जिचा नुसता भांग आला, तिच्याच वाट्याला मैफलीत नुसतं चाक आलं होतं.

बंदरमास्तरांचा चेहरा पडला. "आई, आम्ही सगळे आपापलं तुला म्हणून दाखवतो. सगळं मिळेल बघ तुला."

"तुमच्या तोंडचं उष्टं कशाला ऐकू मी?" आजी म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, तेच जास्त लागत होतं. "जाऊ दे रे. सवय आहे मला."

मामा गर्दीतून वाट काढत आला. त्याने टपालवाल्याला हलवून उठवलं, त्याची खुर्ची उचलली, रस्ता ओलांडून कठड्यापाशी नेऊन आजींच्या बरोबर समोर ठेवली आणि तिच्यावर बसला.

"धाकट्या, गाडीवरून उतर. थोरले, ये इकडे. आपण मैफल करतोय."

"किती वाजवायचं?" धाकट्याने विचारलं.

"किती म्हणजे? पहिल्यापासून!"

बंदरमास्तर चाचरत म्हणाले, "पण मामा, वाट्याचा प्रश्न..."

"मास्तर, श्रोत्यांनी मधे बोलू नये," मामा म्हणाला आणि त्याने पहिली रचना सुरू केली.

ते वाजवू लागले तसे रस्त्यावरचे लोक जवळ सरकले. ज्याला उड्या मारणारं आलं होतं त्याला रडवणारं हवं होतं, आणि कुणालाच आपला तुकडा कुठून आला नि कुठे गेला ते धड माहीत नव्हतं. आजींच्या आणि वादकांच्या मधे उभं राहणं शक्यच नव्हतं. लोक आजींच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. बाजू भरल्या. मग काही जण बेकरीच्या पायरीवर चढले. पायरी आजींच्या मागे होती. पायरीवरच्यांच्या मागे, दाराच्या चौकटीत आणखी कुणी आलं. त्यांच्या मागे आत, पिठाच्या पोत्यांवर चढून आणखी कुणी.

थोरलीला व्हायोलिनवरून हे सगळं दिसत होतं. बुटकी माणसं टाचा उंचावत होती. उंच मुलीने दुकानदाराच्या लेकीला कडेवर घेतलं होतं. बाई आपल्या जाड बुटांत एका जागी स्वस्थ उभ्या होत्या आणि त्यांच्या पुढे दोन माणसं होती. कुणी काही बोलत नव्हतं. बहुधा बोललं तर हे काय झालंय ते सगळ्यांच्या लक्षात येईल, याची धास्ती असावी.

संथ रचनेच्या मध्यावर भांगआजींच्या मानेला मागून कुणाचा तरी श्वास लागला. त्यांनी मान वळवली. मागे रांगच रांग होती, थेट भट्टीपर्यंत. बंदरमास्तरांचा हात कपाळाला गेला. थोरलीचा गज किंचित घसरला, पण मामाने सूर सोडला नाही.

"दिसतंय का रे नीट?" आजींनी विचारलं.

"थोडंसं," भट्टीपासून आवाज आला.

आजी खुर्चीत खाली घसरल्या. इतक्या, की समोरून मामाला त्यांच्या भांगाशिवाय फारसं काही दिसेना. "आता?"

"आता झकास!"

मामाने मैफल पुरी केली. मधे कुणी खोकलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये लिलावाच्या आधी तातडीची सभा बसली, अर्थात एका रांगेत. काल बेकरीसमोर दुसरी रांग झाली की नाही, हाच विषय होता. न्हावी म्हणाला, झाली. बेकरीवाला म्हणाला, माझ्या पोत्यांवर तर पाचवी होती. आवाज चढले, दोघांनी चौकटीतल्या फोटोकडे हात केले. अखेर बाई उठून म्हणाल्या की रांग म्हटली म्हणजे ओळ सरळ हवी, हे पहिलीच्या मुलालाही ठाऊक असतं. कालचे लोक वेडेवाकडे उभे होते. ती रांग नव्हे, गर्दी होती. आणि गर्दीला बेटावर कधीच मनाई नव्हती.

बंदरमास्तरांचा जीव भांड्यात पडला. ठराव मंजूर झाला: दुसरी रांग नाही, गर्दी चालेल. दुकानदार तर सभेतून उठला तो थेट घरी गेला आणि ओटा कापायला करवत घेऊन आला.

तिघे धक्क्यावर आले तेव्हा निरोप द्यायला बरीच गर्दी होती. बाईंनी मुलांनी बनवलेलं काहीतरी दिलं, ते बहुधा क्लॅरिनेट होतं. बेकरीवाल्याने गरम पाव दिले. थोरलीने सगळ्यांचे हात हातात घेतले, आणि भांगआजींपाशी आल्यावर विचारलं, "आजी, मनासारखं झालं ना?"

"झालं गं बाई. कान तृप्त झाले." आजींनी मामाला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला. "एक सांगू का? राग मानू नका."

"सांगा ना."

"ते मधलं जरा लांबलं."

बोटीत मामा एकटाच कडेला जाऊन बसला. ती रचना त्याच्या गुरूंनी त्याच्यासाठी केली होती आणि त्यातला एक सूरही त्याने कधी गाळला नव्हता. "लांबलं म्हणे," असं तो पाण्याकडे बघत अधूनमधून पुटपुटत होता. "चाक ऐकलेलं माणूस!" थोरली आणि धाकटा एकमेकांकडे न बघता पाव खात राहिले.

पुढच्या गावच्या मैफलीत दुसरी रचना मध्याला आली तेव्हा मामाने भुवई उंचावून दोघांना खूण केली आणि एक अख्खं पान उडी मारून पलीकडे गेला. धाकटा दचकला, पण त्याने सावरून घेतलं. मैफलीनंतर लोक भेटायला आले तेव्हा एक बाई डोळे पुसत म्हणाल्या की ती संथ रचना ऐकताना कधी संपली ते कळलंच नाही. मामाने आभार मानले. तेव्हापासून ते पान वाजत नाही.